मूर्च्छा आणि मेंदूचें चित्र

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



चांगला धडधाकट दिसणारा माणूस उभ्या उभ्या पांढराफटक पडतो, त्याच्या अंगाला दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि कोणी सांवरण्यापूर्वींच तो जमिनीवर कोसळतो. भोंवतीं माणसें जमतात, कोणी पाणी आणावयास धांवतो, कोणी देवाचें नांव घेतो, आणि इतक्यांत तोच माणूस डोळे उघडून "मला काय झालें?" असें विचारतो. सारा प्रकार फार तर अर्ध्या मिनिटाचा. आपल्या भाषेनें त्याला घेरी, भोंवळ, चक्कर, मूर्च्छा अशीं पुष्कळ नांवें दिलीं आहेत. आणि ज्या गोष्टीला पुष्कळ नांवें असतात ती पुष्कळांच्या अनुभवाची असते, असें समजण्यास हरकत नाहीं. युरोपांतील पाहण्यांवरून दिसतें कीं, सुमारें तिघांपैकीं एका माणसाला जन्मांत एकदां तरी मूर्च्छा येते.

आपल्या राजुरा तालुक्याला तर हा प्रकार मुळींच नवा नाहीं. चैत्रांत पहांटेपासून मोहाचीं फुलें वेंचणाऱ्या बाया, मे महिन्यांत तेंदूचीं पानें तोडणारीं कुटुंबें, सास्तीकडील कोळशाच्या उघड्या खाणींत राबणारे मजूर, शाळेच्या पटांगणांत प्रार्थनेला ताटकळत उभीं असलेलीं मुलें, आणि लग्नाच्या मांडवांत सकाळपासून उपाशी बसलेल्या नवऱ्या मुली, या सर्वांना घेरी कशी येते हें सांगावें लागत नाहीं. मे २०१९ मध्यें चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्याही पलीकडे गेला होता. अशा मुलखांत मूर्च्छा हा विषय पुस्तकी राहत नाहीं.

परंतु घेरी ओसरल्यानंतर घरांत जी काळजी सुरू होते ती घेरीपेक्षां मोठी असते. कांहीं घरांत पुजाऱ्याला बोलावणें जातें. कांहीं घरांत "मिरगी तर नव्हे ना?" अशी कुजबूज सुरू होते, आणि मुलगी उपवर असली तर ती कुजबूज दाराबाहेर जाऊं नये म्हणून सारे जपूं लागतात. कांहीं घरचीं माणसें मात्र कर्ज काढून, वर्धा नदी ओलांडून, चंद्रपूर-नागपुरास जातात आणि "डोक्याचा फोटो" काढून आणतात. बहुतेक वेळीं त्या फोटोंत कांहींच निघत नाहीं. मग प्रश्न उभा राहतो: फोटो चांगला आहे, तर पोरगी पडली कां? आणि पडली हें खरें, तर फोटोंत दिसलें कां नाहीं? या दोन प्रश्नांचीं उत्तरें आज आपणांपुढें ठेवण्याचा माझा विचार आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, मूर्च्छेचा विचार आपल्या देशांत फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूर्च्छेला स्वतंत्र अध्याय आहे, आणि अपस्माराला, म्हणजे मिरगीला, निराळा अध्याय आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्या वैद्यांनीं पुरतें ओळखलें होतें. रक्ताच्या दर्शनानें व वासानें येणारी मूर्च्छा त्यांनीं वेगळी मोजली आहे. चरकानें तर आणखी एक मार्मिक भेद केला आहे. मद आणि मूर्च्छा हे विकार दोषांचा वेग ओसरला म्हणजे आपोआप शांत होतात. परंतु संन्यास नांवाची जी गाढ बेशुद्धि, ती औषधावांचून उतरत नाहीं. आजचें वैद्यकही मूर्च्छेची व्याख्या करितांना हेंच लक्षण सांगतें: ती अकस्मात् येते, थोडा वेळ टिकते, आणि आपोआप पूर्णपणें जाते. भर पडली आहे ती कारणाची. साऱ्या मेंदूला होणारा रक्ताचा पुरवठा क्षणभर तुटणें, हें तें कारण होय.

मेंदू हा शरिराचा मोठा खर्चिक अवयव आहे. त्याचें वजन शरिराच्या वजनाच्या शेंकडा २ भरतें, पण सारें शरीर जेवढा प्राणवायु वापरतें त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. मिनिटाला सुमारें पाऊण लिटर रक्त त्याच्यांतून खेळतें. माणसाच्या मेंदूंतील हा प्रवाह प्रथम मोजला तो अमेरिकेंत केटी व श्मिट या दोघांनीं, १९४५ सालीं. पोटाला जेवण साठवितां येतें, स्नायूंना साखर साठवितां येते. मेंदूजवळ मात्र सांगण्यासारखी शिल्लक नसते. हातावर पोट असणाऱ्या मजुराप्रमाणें त्याला रोजची नव्हे, क्षणाक्षणाची मजुरी हवी असते.

ती थांबली तर काय होतें? १९४३ सालीं अमेरिकेंत रॉसेन, कॅबट आणि अँडरसन यांनीं याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. तरुण पुरुषांच्या मानेभोंवतीं हवा भरण्याचा पट्टा बांधून मेंदूकडे जाणारें रक्त क्षणमात्र रोखण्यांत आलें. सहा-सात सेकंदांत त्यांची शुद्ध गेली, आणि पट्टा सैल करितांच ते भानावर आले. या प्रयोगांत मनोरुग्णांचाही उपयोग करण्यांत आला होता. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिति करूं देणार नाहीं. पण त्यांतून जें कळलें तें महत्त्वाचें आहे. रक्त थांबतांच मेंदूचें काम कांहीं सेकंदांत थांबतें. त्याच्या पेशी मरूं लागण्यास मात्र कांहीं मिनिटें लागतात. साध्या मूर्च्छेंत माणूस आडवा पडतो आणि त्या मिनिटांच्या कितीतरी अगोदर रक्त परत पोंचतें. काम थांबतें, पण कारखाना मोडत नाहीं.

रक्त तुटतें कसें, तेंही थोडक्यांत पाहूं. आपण उभे राहतांच अर्ध्या लिटराहून अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरतें. मानेंतील आणि हृदयाजवळील धमन्यांच्या भिंतींत रक्तदाब जोखणारे पहारेकरी आहेत. ते तात्काळ वर्दी देतात. हृदय जोरानें चालूं लागतें, रक्तवाहिन्या आंवळल्या जातात, आणि मेंदूचा पुरवठा टिकून राहतो. परंतु अंगांतील पाणी घामावाटें गेलें असलें, किंवा माणूस फार वेळ निश्चळ उभा राहिला, किंवा रक्त, सुई अथवा भीतिदायक दृश्य समोर आलें, तर कांहीं माणसांत ही व्यवस्था एकाएकीं उलटते. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब कोसळतो. सर टॉमस लुइस यांनीं १९३२ सालीं या प्रकाराला व्हॅसोव्हेगल मूर्च्छा असें नांव दिलें. व्हेगस ही मेंदूपासून हृदयापर्यंत व पोटापर्यंत जाणारी मज्जातंतूंची दोरी. तिच्या द्वारें हृदयाला सैलावण्याचा हुकूम जातो. डोळ्यांच्या आंतील पडद्याला रक्ताची तूट सर्वांत आधीं जाणवते, म्हणूनच शुद्ध जाण्यापूर्वीं अंधारी येते.

आतां चित्राकडे वळूं. मेंदूचें चित्र काढण्याची विद्या आपल्या डोळ्यांदेखत वाढली आहे. १९७१ सालीं लंडनजवळ हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूचें पहिलें सी.टी. चित्र घेतलें, १९७९ सालीं त्यांना कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. चुंबकाच्या साहाय्यानें चित्र घेण्याची एम.आर.आय. ही पद्धति लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांनीं सिद्ध केली. तिला २००३ सालीं तोच मान मिळाला. पुढें १९९० सालीं सेइजी ओगावा यांनीं दाखविलें कीं, रक्तांतील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचा कोणता भाग जागा आहे हेंही चुंबकीय चित्रांत टिपतां येतें. रक्तप्रवाह दाखविणारें यंत्र मिळालें, आणि मूर्च्छा हा तर रक्तप्रवाहाचाच विकार. तेव्हां हें कोडें आतां चुटकीसरशीं सुटेल, असें कोणालाही वाटावें.

पण येथें एक गंमतीची अडचण आहे. या यंत्रांत माणसाला आडवें निजावें लागतें व मान जराही न हलवितां पडून राहावें लागतें. आणि आडवें निजणें हाच तर मूर्च्छेवरील रामबाण उपाय! ज्या अवस्थेंत चित्र निघतें त्या अवस्थेंत मूर्च्छा येत नाहीं. आणि मूर्च्छा येते तेव्हां यंत्र जवळ नसतें. दुसऱ्या दिवशीं काढलेलें चित्र म्हणजे काय, हें समजण्यास आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतलाच दाखला पुरे आहे. रात्रीं वीज केंद्राकडून येणारा दाब क्षणभर उतरला आणि घरांतला दिवा विझून पुन्हां लागला. सकाळीं कारागिरानें येऊन दिव्याचा कितीही चांगला फोटो काढला, तरी त्यांत काय सांपडणार? दिवा शाबूत, तार शाबूत. बिघाड दिव्यांत नव्हताच, आणि जो होता तो केव्हांच ओसरला.

म्हणून संशोधकांनीं दुसरी वाट धरली. मूर्च्छा चालू असतांनाच मेंदूवर नजर ठेवितां येईल अशीं साधनें त्यांनीं वापरलीं. १९८६ सालीं डॉ. रोझ अॅन केनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कलत्या मेजाची परीक्षा पुढें आणली. रोग्याला मेजावर पट्ट्यांनीं बांधून मेज सुमारें ६० ते ७० अंशांत उभें करितात, आणि नाडी व रक्तदाब यांवर सतत लक्ष ठेवितात. ज्याला घेरी येण्याची खोड आहे त्याला ती डॉक्टरच्या समोर येते, आणि मेज आडवें करितांच जाते. हीच परीक्षा चालू असतांना डोक्याला ई.ई.जी.च्या तारा लावितात. हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं माणसाच्या मेंदूंतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या. त्या लहरी मूर्च्छेंत फार बोलक्या होतात. प्रथम त्या मंद व उंच होतात. रक्ताची तूट वाढली तर कागदावर जवळ जवळ सरळ रेघ उमटते. आणि रक्त परत येतांच पुन्हां मंद लहरी, व मग पूर्ववत् जागृति. त्याच वेळीं कानशिलावर ध्वनिलहरींचें यंत्र ठेवून मेंदूच्या मुख्य धमनींतील रक्ताचा वेगही मोजतां येतो. कवटीच्या आरपार जाणाऱ्या या डॉप्लर परीक्षेची वाट नॉर्वेजी संशोधक रुने आस्लिद यांनीं १९८२ सालीं दाखविली. मूर्च्छा जवळ येऊं लागली म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह आधीं आटतो. नुसते ठोक्याचे धक्के तेवढे पोंचत राहतात. नदीचा अखंड ओघ तुटून ओंजळीओंजळीनें पाणी यावें, तशी ती स्थिति असते.

तथापि चुंबकीय चित्रें अगदींच निरुपयोगी ठरलीं असें नाहीं. ज्यांना वारंवार घेरी येते त्यांच्या मेंदूची घडण इतरांहून निराळी आहे काय, हा प्रश्न त्यांच्या साहाय्यानें विचारतां येतो. २००९ सालीं इंग्लंडांतील बीचर, क्रिच्ली, मथायस व सहकारी यांना असें आढळलें कीं, अशा माणसांच्या मेंदूच्या देंठाचे कांहीं भाग, म्हणजे जेथून नाडी व रक्तदाब यांचें नियमन चालतें ते, सरासरीनें किंचित् लहान आहेत. २०१४ सालीं कोरियांतील संशोधकांना उजव्या बाजूच्या 'इन्सुला' नांवाच्या घडींत तसाच फरक दिसला. ही घडी कानशिलाच्या आंत खोल दडलेली असून शरिराच्या अंतःस्थितीची जाणीव तिच्याकडे असते. २०१३ सालीं नेदरलंड्समधील क्रुइट व सहकारी यांनीं दाखविलें कीं, ज्यांना पुष्कळदां मूर्च्छा आलेली आहे त्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागांत बारीक ठिपके अधिक प्रमाणांत आढळतात.

हें ऐकून कोणीं घाबरून जाऊं नये. हे फरक अनेक माणसांच्या सरासरींत दिसणारे आहेत. एकट्या दुकट्याच्या चित्रावरून त्याला घेरी येईल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. शिवाय अंगण ओलें आहे म्हणून पाऊस पडला, कीं कोणी सडा टाकला, हें नुसतें अंगण पाहून कळत नाहीं. मेंदूची घडण निराळी म्हणून घेरी येते, कीं घेरी पुनःपुन्हां आल्यानें घडण बदलते, कीं दोहोंच्या मुळाशीं तिसरेंच कारण आहे, याचा निवाडा अशा चित्रांनीं होत नाहीं. त्यासाठीं त्याच माणसांना वर्षानुवर्षें पाहत राहिलें पाहिजे. तूर्त एवढें खरें कीं, एकदां-दोनदां आलेल्या साध्या घेरीनें मेंदू बिघडतो, असें या संशोधनांतून निघत नाहीं.

२०२३ सालीं तर या विषयाला एक अनपेक्षित वळण मिळालें. अमेरिकेंत विनीत ऑगस्टीन, जोनाथन लव्हलेस व सहकारी यांनीं उंदरांच्या हृदयापासून मेंदूच्या देंठाकडे जाणारे व्हेगसमधील कांहीं विशिष्ट तंतू शोधून काढले. प्रकाशाच्या योगें ते तंतू चेतवितांच उंदराची नाडी मंदावली, श्वास मंदावला, रक्तदाब उतरला आणि तो मूर्च्छित पडला. त्या क्षणीं मेंदूच्या बहुतेक भागांतील हालचाल ओसरलेली दिसली. त्यांतच एक गोष्ट ध्यानांत आली. मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका लहानशा भागाच्या हालचालीवर शुद्धीवर येणें अवलंबून असतें. तात्पर्य, मूर्च्छेच्या वेळीं मेंदू हा केवळ रक्तावांचून कासावीस झालेला बळी नसून, पडण्यांत व उठण्यांत त्याचाही भाग असतो. उंदरावरून माणसाकडे येण्याचा पल्ला मोठा आहे. पण शतकभर हृदयाच्या दारीं उभा असलेला प्रश्न आतां मेंदूच्या दारींही पोंचला आहे.

प्रयोगशाळेंतून आतां राजुऱ्यास परत येऊं. कारण या ज्ञानाचा खरा उपयोग व्हावयाचा तो येथील घरांत.

पहिली गोष्ट मिरगीच्या संशयाची. १९९४ सालीं जर्मनींत लेम्पर्ट व सहकारी यांनीं निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीनें मूर्च्छित करून त्यांचीं चलच्चित्रें घेतलीं. पूर्ण मूर्च्छा आलेल्या ४२ जणांपैकीं शेंकडा ९० जणांच्या हातापायांना झटके आले! पुष्कळांचे डोळे उघडे व वर फिरलेले होते. म्हणजे झटके दिसले कीं मिरगी, हा आपला समज साफ चुकीचा आहे. रक्तावांचून क्षणभर तळमळणारा मेंदूही झटके देतो. भेद ओळखण्याच्या खुणा निराळ्या आहेत. घेरींत आधीं मळमळ, घाम व अंधारी येते, चेहरा पांढरा पडतो, झटके कांहीं सेकंदच टिकतात, आणि शुद्धीवर येतांच माणूस ओळखीनें बोलूं लागतो. मिरगींत झटके बहुधा मिनिट-दोन मिनिटें चालतात, चेहरा निळसर होतो, जिभेची कड चावली जाते, आणि नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला राहतो. म्हणून जो कोणी तेथें हजर असेल त्यानें घाबरून न जातां नीट पाहावें. त्यानें पाहिलेलें वर्णन डॉक्टरला कोणत्याही चित्राहून अधिक मोलाचें असतें.

एका घेरीवरून मुलीच्या कपाळीं मिरगीचा शिक्का बसला, तर तिला वर्षानुवर्षें नको तीं औषधें घ्यावीं लागतात, तिची शाळा सुटते, आणि तिचें लग्न अडतें. आणि खरोखर मिरगी असली तरी काय? तीही औषधांनीं बहुतेकांत आटोक्यांत राहणारी व्याधि आहे. पूर्वीं आपल्या विवाहविषयक कायद्यांत अपस्माराचा उल्लेख लग्नाला बाधक म्हणून होता. १९९९ सालच्या दुरुस्तीनें तो काढून टाकण्यांत आला. कायद्यानें जें सोडलें तें समाजानें धरून बसावें, हें शोभत नाहीं.

दुसरी गोष्ट फोटोच्या खर्चाची. अमेरिकेंतील वैद्यांच्या मोठ्या संस्थेनें २०१२ सालीं आपल्या सभासदांना स्पष्ट सांगितलें कीं, साधी मूर्च्छा असेल आणि मज्जासंस्थेच्या तपासणींत दोष नसेल, तर मेंदूचें सी.टी. किंवा एम.आर.आय. चित्र काढूं नये. युरोपांतील हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ सालच्या मार्गदर्शनाचाही रोख तोच आहे. मग करावें काय? तीन गोष्टी, आणि तिन्ही स्वस्त: घडलेली हकीकत बारकाईनें विचारणें, निजवून व उभें करून रक्तदाब मोजणें, आणि हृदयाचा आलेख, म्हणजे ई.सी.जी. काढणें. यांसाठीं नागपूर गांठावें लागत नाहीं.

यांतला ई.सी.जी. टाळूं नये, कारण खरा धोका बहुधा डोक्यांत नसून छातींत असतो. धांवतांना किंवा जड काम करितांना शुद्ध गेली. निजलेल्या स्थितींत गेली. आधीं छातींत धडधड किंवा कळ आली. घराण्यांत कोणी तरुणपणीं अकस्मात् दगावलें आहे. किंवा माणूस वयस्क वा हृदयरोगी आहे. तर ती मूर्च्छा साधी समजूं नये व त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. मेंदूच्या चित्राची गरज पडते ती निराळ्या प्रसंगीं. पडतांना डोक्याला जबर मार लागला, हातपाय लुळा पडला, तोंड वांकडें झालें, बोलणें अडखळलें, डोकें फुटेल असें दुखूं लागलें, किंवा मिरगीचा झटका प्रथमच आला, तर मात्र कर्ज काढूनही चित्र काढावें, व वेळ दवडूं नये. पैसा वाचविणें हा येथें हेतू नव्हे. तो योग्य ठिकाणीं खर्च व्हावा, हा हेतू आहे.

तिसरी गोष्ट उन्हाची. उन्हांतली घेरी आणि उष्माघात यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. घेरी आलेला माणूस सावलींत आडवा करितांच सांवरतो. उष्माघातांत अंग ४० अंशांहून अधिक तापतें, माणूस बरळूं लागतो, आणि निजवूनही शुद्धीवर येत नाहीं. येथें मेंदू रक्तावांचून तळमळत नसून उष्णतेनें अक्षरशः भाजत असतो. १९४६ सालीं अमेरिकेंत उष्माघातानें दगावलेल्या १२५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत लहान मेंदूच्या पेशींचा नाश ठळकपणें दिसला. जे वांचतात त्यांच्यापैकीं कांहींचा तोल व बोलणें कायमचें बिघडतें, आणि पुढें काढलेल्या चित्रांत लहान मेंदू आकसलेला आढळतो. साध्या मूर्च्छेची खूण चित्रांत सांपडत नाहीं, उष्माघाताची सांपडते. एवढ्यावरून दोहोंतील भेद मनांत पक्का ठसावा. उष्माघात झालेल्याला ताबडतोब ओल्या कपड्यांनीं, पाण्यानें व वाऱ्यानें थंड करीतच रुग्णालयांत न्यावें.

चौथी गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीच्या विशेष दुःखाची, म्हणजे सिकलसेलची. ज्या मुलाला हा आजार आहे त्याची चक्कर उन्हाच्या नांवावर घालून मोकळें होऊं नये. या मुलांत लहान वयांतच पक्षाघाताचें भय असतें. आणि ज्या डॉप्लर परीक्षेचा उल्लेख मघाशीं केला, तिनें तें भय आधीं ओळखतां येतें. मेंदूच्या धमनींतील रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरांवर गेला असेल, तर नियमित रक्त दिल्यानें पक्षाघाताचें प्रमाण फार मोठ्या प्रमाणांत घटतें, हें १९९८ सालीं अमेरिकेंतील डॉ. अॅडम्स यांच्या प्रयोगानें सिद्ध झालें. भारत सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम २०२३ सालीं सुरू झाली आहे. अशा ठिकाणीं मेंदू पाहणारें यंत्र खरोखर जीव वांचवितें. तें तालुक्याच्या गांवीं असावें, अशी मागणी आपण अवश्य करावी.

शेवटीं, समोर कोणी पडलें तर काय करावें तें सांगतों. त्याला उठवून बसवूं नका. सपाट निजूं द्या, आणि पाय हातभर उंच धरा. गळ्याजवळचे कपडे सैल करा. गर्दी हटवून वारा येऊं द्या. शुद्ध नसतांना तोंडांत पाणी ओतूं नका. तें श्वासनलिकेंत जातें. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. कांदा किंवा पादत्राण नाकाला लावण्याचें कारण नाहीं. त्यानें शुद्ध आल्यासारखी वाटते ती आडवें पडल्यानें आलेली असते. दोन मिनिटांत माणूस सांवरला नाहीं, तर ती घेरी नव्हे असें समजून वाहन बोलवा. सांवरला तरी घाईनें उभें करूं नका.

ज्यांना घेरीची खोड आहे त्यांनीं उपाशीपोटीं उन्हांत जाऊं नये, पाणी भरपूर प्यावें, आणि डॉक्टरनें मना केलें नसेल तर मीठ घातलेलें ताक किंवा पेज घ्यावी. अंधारी येऊं लागतांच लाज न धरतां खालीं बसावें किंवा निजावें. तेंही शक्य नसेल, तर पायाला पाय अडकवून मांड्या घट्ट आंवळाव्या, मुठी वळून हात ताणावे. त्यामुळें पायांतलें रक्त वर चढतें. हा खेळ नव्हे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, २२३ रोग्यांवरील प्रयोगांत, ही युक्ति शिकविलेल्यांपैकीं शेंकडा ३२ जणांना पुन्हां मूर्च्छा आली. न शिकविलेल्यांपैकीं शेंकडा ५१ जणांना आली. या औषधाला पैसा लागत नाहीं, आणि तें शाळेंतल्या लहानांत लहान मुलालाही शिकवितां येतें.

शाळांच्या गुरुजनांना व मुकादमांना माझी विनंति आहे कीं, पटांगणांतील प्रार्थना आणि मजुरांची हजेरी उन्हांत लांबवूं नये. आणि कोणी मटकन् खालीं बसला तर त्याला कामचुकार म्हणूं नये. त्याच्या मेंदूनें आधीं सूचना देऊन आपलें हित साधलेलें असतें. ती सूचना ओळखणें आपल्या हातीं आहे.